सुंदररावांचा दहा

तलवाड्याच्या सुंदररावांच्या कमरेला पिस्तूल असायचं. खरं म्हणजे आधी पिस्तूल दिसायचं आणि मग त्यामागून सुंदरराव. लग्न असो, दहावा असो की पाण्याच्या टाकीचं भूमिपूजन, त्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाचा कोपरा बरोबर तेवढाच वर गेलेला असायचा, जेवढ्यानं पिस्तुलाचं ते चामडी पाकीट चारचौघांच्या नजरेत भरावं. बसताना ते खुर्चीत अडकायचं, जेवताना बरगडीत टोचायचं. पण दागिना म्हटल्यावर टोचणी आलीच.

परवान्याच्या अर्जात त्यांनी ‘जिवाला धोका’ असं कारण दिलं होतं. धोका कुणापासून, हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. त्यांच्या खाण्यापिण्यावर बारीक नजर ठेवणारं माणूस गावात एकच होतं, ते म्हणजे त्यांच्या पत्नी कौशल्याबाई, आणि त्यांचाही रोख फक्त जिलबीवर होता.

एक गोष्ट मात्र सुंदररावांनी कौशल्याबाईंनाही सांगितली नव्हती. इतक्या वर्षांत त्या पिस्तुलातून त्यांनी एकही गोळी झाडलेली नव्हती. झाडणार कशी? त्यांना आवाजच सोसत नव्हता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गल्लीत सुतळी बॉम्ब सुरू झाले की ते दार लावून देवघरात बसायचे आणि लोक म्हणायचे, आण्णा लई धार्मिक.

हे असंच सुखात चाललं असतं, पण गेवराईच्या एका लग्नात बबनराव भेटले. बबनराव शेजारच्या गावचे पुढारी. साखर कारखान्याच्या निवडणुकीत हे दोघं एकमेकांना पाडण्याच्या नादात दोघंही पडले होते आणि ज्याचं नावही कुणाला नीट ठाऊक नव्हतं असा तिसराच निवडून आला होता. तेव्हापासून दोघांत फक्त नमस्कार उरला होता, आणि तोही फोटोवाला समोर असला तर.

पंगतीत बबनराव त्यांच्या शेजारी येऊन बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “सुंदरराव, ते चालतं का हो, का नुस्तं वजनाला हाय?”

पंगत हसली. भात वाढणारासुद्धा थांबून हसला.

“न्हाई, इचारलं आपलं,” बबनराव म्हणाले. “आमची करिष्मा जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरतीय. दहा मीटर एअर रायफल. तुमच्यासारख्या जाणत्या मानसानं बघायला यावं, पोरीला हुरूप येतो.”

“बघायला कावून?” सुंदररावांच्या तोंडून निघून गेलं. “आमी खेळायलाच येतो की!”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं. अजूनही हसण्यावारी नेता आलं असतं. पण शेजारी गहिनीनाथ बसला होता. सुंदररावांचं वाक्य संपलं की टाळी वाजवायची, हे त्याचं आयुष्यातलं एकमेव काम, आणि ते तो मन लावून करायचा. त्यानं टाळी वाजवली. संध्याकाळपर्यंत फलकाचा मजकूरही ठरला.

सुंदररावांनी गुपचूप चौकशी केली तेव्हा एक दिलासा मिळाला. एअर रायफलीला बार नसतो. हवेच्या दाबानं छर्रा सुटतो आणि फट् एवढाच आवाज येतो. पन्नाशीपुढच्यांचा वेगळा गट आहे आणि त्यात अजून कुणीच नाव दिलेलं नाही, हे कळल्यावर तर त्यांना स्वतःच्या शौर्याबद्दल आदर वाटू लागला.

मग नारायणगडावर नारळ फोडून स्वारी पुण्याला निघाली, खरेदीला.

दुकानदार शांत माणूस होता. त्यानं चार रायफली काउंटरवर मांडल्या. सुंदररावांनी सर्वांत लांब होती ती उचलली.

“यानं रानडुक्कर पडंल का?”

“साहेब, यानं कागदाला भोक पडतं,” दुकानदार म्हणाला. “आणि रानडुकराच्या नादाला लागायचं असेल तर आधी वनखात्याकडं जावं लागेल, माझ्याकडं नाही.”

“बरं. दुर्बीण लावा हिच्यावर. मोठी.”

“या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. मागे हे बारीक भोक असतं, पुढे ही कडी. भोकातून बघायचं, कडीत काळा ठिपका धरायचा, श्वास रोखायचा आणि चाप हलकेच दाबायचा. रायफल अंगाला साजेशी घ्या. तुमचे हात आखूड आहेत, तुम्हाला ही लहान दस्त्याची बरी, खांद्याला टेकायचा भाग आखूड असतो हिचा.”

सुंदररावांना आखूड हात हा शब्द लागला. “आण्णाचे हात लई वरपर्यंत हायेत,” गहिनीनाथनं तत्परतेनं सांगितलं. शेवटी लांबच रायफल घेतली. दुकानदारानं पुन्हा काही समजावलं नाही. त्यानं अशी पुष्कळ माणसं पाहिली असावीत.

सगळ्यात मोठा घोळ जाकिटाचा झाला. नेमबाजाचं जाकीट जाड कापडाचं आणि कडक असतं, अंग हलू नये म्हणून. पण ते पोट नसलेल्या माणसांसाठी शिवतात. सुंदररावांच्या मापाचं मिळालं ते खांद्यात तंबूसारखं आणि पोटावर ढोलासारखं बसलं. विजार त्याहून कडक. बुटांचे तळवे सपाट, त्यामुळे चाल बदकाची. घरी आल्यावर हा सगळा साज चढवून ते अंगणात उभे राहिले तेव्हा कौशल्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

“हे काय, ट्रॅक्टरचं शीट अंगाला शिवून घेतलं का?”

“अगं, खेळाचा पोशाख हाय हा.”

“आस्सं. मग बसता यायलंय का त्यात?”

सुंदररावांनी बसून पाहिलं. बसता येत नव्हतं. “ह्यो उभ्याचा खेळ हाय,” ते तोऱ्यात म्हणाले.

सराव म्हणून त्यांनी गोठ्यामागच्या भिंतीला नेम धरायचं, वर्तुळं छापलेलं कार्ड चिकटवलं आणि आठवडाभर रोज सकाळी छर्रे उडवले. कार्ड जसंच्या तसं राहिलं. छर्रे कुठं गेले हे कुणालाच कळलं नाही, मात्र म्हशीनं त्या आठवड्यात दूध कमी दिलं. गहिनीनाथनं रायफल रोखलेला त्यांचा फोटो ‘ढाण्या वाघ’ असं लिहून गावभर पाठवला.

स्पर्धा बीडच्या एका मंगल कार्यालयात होती. लग्नाची तिथी नव्हती म्हणून जागा मिळाली होती. मुंडावळ्या बांधून नवरदेव उभे राहतात त्या बाजूला कार्डांची रांग लागली होती आणि जेवणाच्या टेबलांवर रायफली मांडल्या होत्या. सगळा कारभार वैष्णवी मॅडमकडे होता. त्या इथल्या मुलामुलींना शिकवायच्या आणि पंचाचंही काम करायच्या. त्यांनी सुंदररावांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“काका, कमरेचं ते घरच्या माणसाजवळ... नको, गाडीत कुलपात ठेवून या. इथे फक्त एअर रायफल.”

“ते आमच्या अंगाचाच भाग हाय, मॅडम.”

“मग तो भाग ठेवून या.”

ठेवावं लागलं. परत येताना सुंदररावांना आपण उघडे पडल्यासारखं वाटलं आणि जाकिटातही गार वाटू लागलं.

लोक कमी म्हणून सगळे गट एकत्रच उभे केले होते. सुंदररावांच्या वाट्याला पाचवी जागा आली आणि सहाव्या जागेवर नेमकी बबनरावांची करिष्मा. शिडशिडीत पोरगी, केस घट्ट बांधलेले. तिनं वाकून नमस्कार केला, “येतं का काका बोट चापापर्यंत? रायफल लांब वाटतेय,” असं काळजीनं विचारलं आणि डोळे मिटून उभी राहिली. मागे खुर्च्यांवर बबनराव पाय पसरून बसले होते.

नियम सोपा होता. एका कार्डावर एकच छर्रा. मारला की हँडल फिरवून तारेवरचं कार्ड जवळ ओढायचं, नवं लावून पाठवायचं. सुंदररावांच्या पहिल्या कार्डावर कोपऱ्यात एक भोक पडलं, इतकं कोपऱ्यात की ते छापखान्याचं वाटावं. दुसऱ्यावर दोन गुण मिळाले. पुढची दोन कोरी आली. मग तीन गुण. मागून गहिनीनाथ टाळी वाजवायचा आणि मॅडम त्याला डोळ्यांनी दाबायच्या. शेजारी करिष्माचं फट्, फट् संथ लयीत चाललेलं.

शेवटचा छर्रा राहिला. सुंदररावांच्या खांद्याला रग लागली होती, घाम भुवईवरून डोळ्यात उतरत होता. तेवढ्यात मागून गहिनीनाथचा आवाज आला, “आण्णा, हिकडं! एकच फोटू!”

आयुष्यात कुठल्याही फोटोला पाठ दाखवलेली नव्हती. सुंदररावांनी रायफल खाली टेकवून मान वळवली, छाती काढली, स्मित केलं. मग परत वळून त्यांनी दस्ता गालाला लावला आणि भोकातून पाहिलं. कडीत काळा ठिपका आला. ठिपका कुणाचा आहे हे ठिपक्यावर लिहिलेलं नसतं. श्वास रोखायचा हे त्यांना पहिल्यांदाच आठवलं. हात कसा कोण जाणे, स्थिर झाला. फट्.

हे वेगळं गेलं, असं त्यांना आतून जाणवलं. हँडल फिरवून कार्ड ओढलं. कार्ड कोरं होतं.

शेजारी करिष्मानं आपलं कार्ड ओढलं आणि हात वर केला. कार्डावर दोन भोकं होती. एक आठच्या वर्तुळात आणि एक थेट मधोमध, जणू कंपासनं पाडलेलं.

वैष्णवी मॅडम आल्या. त्यांनी दोन्ही कार्डं पाहिली आणि सुंदररावांकडे वळल्या. “काका, तुमचा छर्रा या कार्डावर गेला का? कुणी मारलं ते ठरलं नाही, तर दोन्ही भोकं हिच्या नावावर जातील आणि हिला दंड बसेल.”

बबनराव खुर्चीतून उठून उभे राहिले होते. गहिनीनाथ पुढे सरकून कुजबुजला, “आण्णा, न्हाई म्हना. आपला छर्रा बाहीर गेला म्हना. बबनरावाचं नाक आयतंच कापलं जातंय!”

सल्ला बिनचूक होता. कारखान्याच्या निवडणुकीपासून सुंदरराव याच घडीची वाट बघत होते. ते तोंड उघडणारच होते, पण त्यांची नजर पुन्हा त्या मधल्या भोकावर गेली. दहा. आख्खा दहा. आजवर त्यांच्या नावाच्या सत्काराचे हार गहिनीनाथच आणायचा आणि वाढदिवसाचे फलकही घरच्याच लोकांकडून लागायचे. आज पहिल्यांदा त्यांच्या हातून काहीतरी मधोमध लागलं होतं, आणि ते माझं नाही म्हणायचं? बबनरावाच्या नाकासाठी?

“मॅडम,” सुंदरराव गरजले, “त्यो दहा माझा हाय!”

“म्हणजे शेजारच्या कार्डावर मारलंत, हे कबूल?”

“शंभर टक्के कबूल! गहिनीनाथ, फोटू काढ बे!”

मॅडमनी कागदावर टिपून घेतलं. “ठीक आहे. दुसऱ्याच्या कार्डावर मारलेला छर्रा तुमच्या नावावर शून्य धरला जातो. आणि दोन भोकांतलं करिष्माचं कुठलं हे ओळखता येत नाही, तेव्हा नियमाप्रमाणे तिला मोठा आकडा मिळणार. दहा.”

सुंदररावांना हिशेब कळायला वेळ लागला. “म्हंजे मारला मी, अन् दहा तिला?”

“हो.”

“अन् मी सांगतोय की, मधला माझा हाय म्हणून!”

“छर्रे सारखेच, भोकं सारखीच. नुसत्या सांगण्यावर ठरत नाही. आणि तुमची आधीची कार्डं बघता...” मॅडम सभ्य होत्या, पुढचं बोलल्या नाहीत. मागच्या खुर्च्यांमध्ये मात्र कुणीतरी खुदकन हसलं.

तेव्हा करिष्मा बोलली. “मॅडम, काका खरं सांगतायत. शेवटी माझा हात हलला होता. माझा आठच असणार. दहा काकांचाच आहे.”

“असेल बाळ,” मॅडम म्हणाल्या, “पण नियम नियम आहे.”

त्या एका आकड्यावर करिष्मा मुलींमध्ये पहिली आली. सुंदररावही आपल्या गटात पहिले आले, कारण गटात ते एकटेच होते. पदक गळ्यात घालताना त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटतेय याचंच जास्त नवल वाटलं. गाडीत गहिनीनाथ ‘सुवर्णवीर’ शब्दाचा फलक ठरवू लागला तेव्हा ते म्हणाले, “गप बस की जरा.” गहिनीनाथनं सवयीनं टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी बबनराव दारात आले. हातात शाल, पेढे, आणि चक्क फोटोवाला सोबत नाही. कौशल्याबाईंनी चहा ठेवला.

“पोरगी रातभर एकच सांगायली,” बबनराव चहा ढवळत म्हणाले. “दहा काकांचा हाय, मी न्हाई मारला. मी म्हनलं, तुझ्या काकाला मी आज वळखतो का! त्याला चुकून लागलं आसंल.”

“चुकूनच लागलं,” सुंदरराव म्हणाले.

बबनरावांनी बशी खाली ठेवली. इतक्या वर्षांत सुंदररावांच्या तोंडून ‘चुकून’ हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. मग दोघांनीही पेढे खाल्ले. कौशल्याबाईंनी दुसऱ्या पेढ्याला डबा उचलून आत नेला.

पुढच्या आठवड्यात सुंदरराव एकटेच बीडला गेले, वैष्णवी मॅडमकडे. पहिले कितीतरी दिवस मॅडमनी त्यांना छर्राच दिला नाही. रिकामी रायफल घेऊन नुसतं उभं राहायचं, श्वास घ्यायचा, सोडायचा. लांब रायफल परत करून लहान दस्त्याची आणायला लावली. सोबतची पोरंसोरं आधी हसायची, मग हसायची सोडून ती त्यांना “काका, कोपर आत” असं सांगू लागली. पुढाऱ्याला कुणीतरी काहीतरी सांगतंय, हा अनुभव सुंदररावांना नवा होता. दोनदा ते रागावून गाडीपर्यंत गेले आणि परत आले.

एका सकाळी मॅडमनी छर्रा दिला. सुंदररावांनी मारला, हँडल फिरवलं. भोक त्यांच्याच कार्डावर होतं, चार आणि पाचच्या मधल्या रेघेला खेटून.

“पाच!” ते ओरडले. “मॅडम, रेघेला लागलंय बघा. रेघेला लागलं की मोठा आकडा, तुमचाच नियम हाय!”

मॅडमनी मापाची खुंटी भोकात घालून पाहिलं. “चार.”

“भिंग लावून बघा की!”

“काका, चार.”

सुंदररावांनी शेजारच्या जागेवर उभ्या असलेल्या करिष्मापुढे कार्ड धरलं. “तू सांग बाई. तू तरी खरं बोलशील.”

करिष्मानं कार्ड उजेडात धरून नीट पाहिलं.

“चारच आहे काका.”

सुंदररावांनी कार्ड परत घेतलं. नियम बदलायला मुंबईत कुणाला फोन करता येईल का, असाही एक विचार त्यांच्या डोक्यात येऊन गेला. मग त्यांनी कार्डाच्या पाठीवर आपलं नाव टाकलं, खिशात जपून ठेवलं आणि पुढचा छर्रा मागितला.