गाळाचं तेल

"हिरवं आहे ना?" थोरलीने बेसिनमधून मान वर न करता विचारलं.

तिच्या पाठीमागे, कामाच्या टेबलापाशी, भट्टीवाला उभा होता. त्याने आल्या आल्या खिशातून एक बुटकी बाटली काढली होती आणि तिचं बूच नुकतं कुठे सैल केलं होतं. थोरलीचे हात साबणाच्या पाण्यात होते. रिकाम्या बाटल्या धुणं हेच तिचं काम उरलं होतं.

"हिरवंच," तो म्हणाला आणि बूच धरून तसाच उभा राहिला. "पण हे हो कसं? धाकट्या बाई तर म्हणाल्या, तुम्हाला आता वास येत नाही. म्हणून तर मुद्दाम वाट वाकडी करून आलो. म्हटलं, एवढ्या वर्षांची ओळख, भेटून तरी यावं."

थोरलीने नळ बंद केला. हात पुसायचं तिला सुचलं नाही. साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं आणि त्या साबणाच्या वासातून, खोलीतल्या सगळ्या फुलामुळांच्या वासातून वाट काढत तो दुसरा वास येत होता. उतरलेली सफरचंदं, ओलं लाकूड, थोडं मेण, थोडं काहीतरी आंबूस आणि त्याच्या पाठीमागे गार तळघराची हवा. हा वास तिला दीड वर्षात आला नव्हता. तो आपल्याला पुन्हा कधी येणारच नाही, असं तिने मनाशी धरलं होतं.

या दोघी बहिणींचा अत्तरांचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं, प्रत्यक्षात दुकानामागच्या दोन खोल्या. वर घर, तिथे थोरली, धाकटी आणि धाकटीचा नवरा. वडिलांपासून एक हट्ट चालत आलेला: जे काही घालायचं ते झाडापानांतून, फळाफुलांतून निघालेलं असलं पाहिजे, प्रयोगशाळेत जुळवलेलं काही घरात येता कामा नये. फुलांची तेलं सगळेच वापरतात. या घराची खासियत मात्र होती वाइनच्या गाळाचं तेल. द्राक्षांचा रस आंबवून झाला की पिंपाच्या तळाशी जो गाळ साचतो, तो लोक फेकून देतात. भट्टीवाला तो उचलून आणायचा, तांब्याच्या भांड्यात वाफेवर उकळायचा आणि ढीगभर गाळातून जेमतेम वाटीभर हिरवट तेल काढायचा. नुसतं हुंगलं तर माणूस नाक मुरडून चार पावलं मागे सरेल. पण तेच पातळ करून गुलाबात एखादा थेंब टाकला, की झोपलेला गुलाब खडबडून जागा झालाच म्हणून समजा. जास्त पडलं तर सगळी बरणी वाया.

आणि पंचाईत अशी की ज्याच्या हाताने ते तेल पडतं, त्याचं नाक त्या दिवसापुरतं बधिर होतं. म्हणून वडिलांनी नियम घालून दिला होता: हात एकाचा, नाक दुसऱ्याचं. हात थोरलीचा, नाक धाकटीचं. थोरली थेंब टाकायची. धाकटी तोवर अंगणात उभी राहायची, मग आत येऊन कागदाची पट्टी हुंगायची आणि सांगायची, अजून एक, किंवा थांब. नाकाने थांब म्हटलं की हाताने थांबायचं, उलट प्रश्न नाही. दोघी एरवी जगातल्या सगळ्या विषयांवर कचाकचा भांडायच्या. या एका बाबतीत थोरलीने कधी "नक्की का गं?" असंसुद्धा विचारलं नव्हतं.

म्हणूनच दीड वर्षापूर्वी नव्या तेलाची बाटली उघडून ती "हे ते नाही" म्हणाली आणि धाकटी "तेच आहे" म्हणाली, तेव्हा थोरली गोंधळली. रंगही नव्हता त्याला. धाकटी म्हणाली, भट्टीवाल्याने या खेपेला पुन्हा गाळून पांढरं करून पाठवलंय. असं करतात, हे थोरलीला ठाऊक होतं. पण वास? एकच गोड सूर, मागे काही नाही. "ताई," धाकटी अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला तर सगळं येतंय. तुझ्या नाकाचं काही होतंय का?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी धाकटी स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "अगं, दूध लागलंय खाली. तुला वास नाही आला?" थोरली तिथेच बसली होती. तिला आला नव्हता.

मग काय, संशय एकदा घरात शिरला की खुर्ची ओढून बसतोच. गुलाब हुंगला तरी तिला वाटायचं, पूर्वी याहून भरदार यायचा. धाकटी तिला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी टॉर्च मारून बघितलं आणि वयानुसार होतं म्हणाले. थोरलीने स्वतः होऊन टेबल सोडलं. बाटल्या धुवायला लागली. शेगडी बंद आहे ना हे पाहायला धाकटीच्या नवऱ्याला हाक मारायची आणि तो बिचारा वर्तमानपत्र घेऊन उठायचा, शेगडीवर नाक खुपसायचा, "आहे बंद" म्हणून परत जायचा. ती हसायची त्यावर. रडायची ती वेगळी.

"गेल्या खेपेला पांढरं पाठवलंत ना," थोरलीने आता भट्टीवाल्याला विचारलं, "ते कसं केलं होतंत?"

"पांढरं? मी जन्मात पांढरं केलं नाही. आणि खेप कसली? त्या वर्षी गाळच मिळाला नाही म्हणून तेल कमी आहे एवढं कळवलं, तर धाकट्या बाईंनी निरोप धाडला, आता नकोच, ताईंनी काम सोडलंय." बोलता बोलता त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो हे त्याला उमगलं असावं, कारण त्याने चहालाही नको म्हटलं. "ही ठेवा तुम्हाला," म्हणून बाटली टेबलावर सोडली आणि घाईघाईने निघून गेला.

थोरलीने कपाट उघडलं. पांढऱ्या तेलाची बाटली पुढेच होती. तिने बूच काढलं आणि दुरूनच, हाताने हवा सरकवत, वास घेतला. तोच तो एकसुरी गोडवा. पहिल्या दिवशी जे म्हणाली होती, ते शब्दन् शब्द खरं होतं. तिच्या नाकाला काहीही झालेलं नव्हतं.

मग ती खोलीभर वेड्यासारखी फिरली. देवदार हुंगला, संत्र्याची फुलं हुंगली, वेखंडाचं मूळ, खिडकीचं लाकूड, स्वतःचे साबणाचे हात. सगळं जिथल्या तिथे होतं, काही कमी नव्हतं. तिला इतका आनंद झाला की तिने टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. आणि तो आनंद पुरता व्हायच्या आत तिला दूध आठवलं.

धाकटी संध्याकाळी दुकानाचं सामान घेऊन आली. टेबलावरची हिरवी बाटली तिने पाहिली आणि पिशव्या होत्या तिथेच खाली ठेवल्या. विचारावं लागलं नाही. तेवढी हुशार ती पहिल्यापासूनच.

"ताई, मी सांगणारच होते."

"कधी?"

धाकटी स्टुलावर बसली. "त्याच्याकडे तेलच नव्हतं त्या वर्षी. आणि मी त्या मोठ्या दुकानांना हो म्हणून बसले होते. पहिल्यांदा कुणी आपलं अत्तर मागत होतं एवढं. तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"नाही म्हणाले असते."

"बघ."

"काय बघ? भांडायचं होतंस. जन्मभर भांडतच आलोय की आपण. माझ्या नाकावर टिच्चून ते प्रयोगशाळेतलं तेल आणलं असतंस, तर मी महिनाभर तोंड फुगवलं असतं. मग पुन्हा बोलले असते."

"तू पहिल्याच फटक्यात ओळखलंस. हे ते नाही म्हणालीस. मी घाबरले गं. तोंडातून निघून गेलं."

"एकदा निघून जातं." थोरलीचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर धाकटीला बरं वाटलं असतं. "दूध लागलं होतं का त्या दिवशी?"

धाकटीने मान खाली घातली.

"मी विचारतेय. दूध लागलं होतं का?"

"नाही."

वरच्या मजल्यावर धाकटीच्या नवऱ्याने रेडिओ लावला होता, बातम्यांचा अस्पष्ट आवाज येत होता. तेल बदललं याचा राग थोरलीला होताच, वडिलांचा हट्ट मोडला याचाही होता. पण तो राग जुन्या ओळखीचा होता, कारखान्यातला होता. दुधाचं तसं नव्हतं. कुणीतरी शांतपणे तिच्या स्वयंपाकघरात येऊन, तिच्या समोर उभं राहून, तिच्याच नाकावरचा तिचा विश्वास काढून नेला होता. आणि ते कुणी परकं नव्हतं. लहानपणी ताप आला की जिच्या उशाशी थोरली रात्र रात्र बसायची, ती धाकटीच होती.

"त्या डॉक्टरांसमोर," ती शेवटी म्हणाली, "तू माझा हात धरून बसली होतीस. मला वाटलं, बरं झालं, ही तरी आहे."

धाकटी रडायला लागली. थोरलीने तिला रडू दिलं. पाठीवर हात ठेवायला ती उठली नाही, आणि न उठणं तिला जड गेलं.

"दुकानांतला सगळा माल परत मागव," जाताना ती एवढंच बोलली.

"मागवते. उद्याच कळवते. पण ताई, तू उद्यापासून टेबलावर ये."

सकाळी थोरली खाली आली तेव्हा धाकटी आधीच कामाला लागलेली होती. दुकानांना निरोप गेले होते. टेबलावर गुलाबाची मोठी बरणी होती, शेजारी पातळ केलेलं हिरवं तेल, काचेची नळी. धाकटीचे डोळे सुजलेले होते, रात्रभर झोप लागली नसावी. तिने स्वतःच्या हाताने तेल घातलं होतं. हिरव्या तेलावर आयुष्यात पहिल्यांदाच हात तिचा होता.

"मी टाकलंय," ती म्हणाली. "तू बघ. तू सांगशील तसं."

तिने पट्टी बुडवून पुढे केली. थोरलीला तिचा हेतू कळला. माफी मागायची धाकटीची हीच रीत होती, शब्दांपेक्षा कामातून, आणि एरवी थोरली अशा माफीला लगेच विरघळायची. तिने पट्टी घेतली, खिडकीपाशी गेली, थांबली, मग नाकाशी नेली.

सुरेख जमलं होतं. गुलाब उघडत होता, एकेक पाकळी सुटी होत होती, आणि त्याच्याखाली गार, ओलसर, फळांचं काहीतरी सावकाश हलत होतं. थोरलीने इतक्या वर्षांत केलेल्या कुठल्याही बरणीइतकं चांगलं, कदाचित कांकणभर सरसच. धाकटीला मात्र त्यातलं काही येत नव्हतं, आज दिवसभर येणार नव्हतं. थोरली जे म्हणेल ते तिला मानावं लागणार होतं.

बिघडलंय म्हणावं, असं थोरलीच्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं. तुला इतकं साधं कळत नाही का, म्हणावं. ओतायला लावावी सगळी बरणी मोरीत. एक दिवस, फक्त एक दिवस तिला कळू दे काय असतं ते. पट्टी नाकाशी धरूनच ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग वळली.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

धाकटीने सुटकेचा निःश्वास टाकला असता, एरवी. तिने तो टाकला नाही. ती थोरलीच्या चेहऱ्याकडे निरखून बघू लागली, आधी डोळ्यांकडे, मग तोंडाकडे.

"नक्की का गं?"

थोरलीला वाईट वाटायला हवं होतं, पण वाईट वाटण्यासारखं आता काही शिल्लक नव्हतं. "बरोबर आहे म्हटलं ना."

"जास्त झालं असेल तर सांग. मी ओतून देईन. मला राग नाही येणार."

थोरलीने पट्टी तिच्या हातात दिली. बरणीला झाकण लावलं, कडेने मेण फिरवलं, आणि दोन्ही हातांनी बरणी उचलून ती मुरवण्यासाठी आतल्या खोलीतल्या फडताळात ठेवायला गेली. जागा करायला तिथल्या दोन बरण्या सरकवाव्या लागल्या. परत आली तेव्हा धाकटी खिडकीपाशी उभी होती. बधिर नाकाशी पट्टी धरून ती पुन्हा पुन्हा खोल श्वास घेत होती.