समासातलं प्रश्नचिन्ह

उत्तर न दिलेलं ते पत्र त्याने खिशातून काढलं, घडी उलगडली आणि सहल कंपनीच्या काउंटरवर अलगद ठेवलं. नऊ वर्षांत घडीच्या रेषेवर कागद इतका विरला होता, की काचेखालच्या जाहिरातीतला निळा समुद्र त्यातून दिसत होता.

काउंटरमागच्या बाईंनी दोरीला अडकवलेला चष्मा नाकावर चढवला.

"हे तिकीट नाही, आजोबा. हे पत्र आहे."

"हो. त्यात जहाजाचं विचारलंय."

"कुणी?"

"धाकट्या भावाने."

"मग त्यांनाही आणायचं की बरोबर. दोघांनी मिळून निवडलं असतं. नाहीतर नंतर बोटीवर भांडत बसाल."

तो कसनुसा हसला. बाईंनी पत्र वाचलं नाही, दोन माहितीपत्रकं मात्र पुढे सरकवली. ज्वालामुखीच्या बेटांकडे दोन जहाजं जात होती. मोठं जहाज लांबून बेटांना वळसा घालायचं. धूर दिसायचा, पण पाय लागायचे नाहीत. लहान जहाज बेटांजवळ थांबायचं, आणि प्रवासी शिडीने रबरी होडीत उतरून काळ्या वाळूवर जायचे.

त्याने भिंग काढलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत 'ज्वालामूखी' असं छापलं होतं. त्याचा हात खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला आणि मागे आला.

"करा, करा," बाई म्हणाल्या. "साहेबांनी स्वतः लिहिलंय ते. मलाही दाखवायचंच आहे त्यांना. तुम्ही मास्तर होतात का?"

"नाही. प्रुफं तपासायचो. छापखान्यात."

चाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे शब्द तपासले होते. जिथे अर्थाचा संशय येई तिथे समासात लाल प्रश्नचिन्ह काढायचं आणि लेखकाला विचारायचं, हा त्या कामाचा पहिला नियम. आपल्या मनाने अर्थ लावायचा नाही. काउंटरवरच्या पत्राच्या समासातही एक लाल प्रश्नचिन्ह होतं. ते त्यानेच काढलेलं होतं. लेखकाला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

आई गेली तेव्हा तो एका शब्दकोशाची शेवटची प्रुफं पाहत होता. ती अत्यवस्थ असल्याचा धाकट्याचा निरोप आला होता. दोन दिवसांत पानं हातावेगळी करून निघू, असं त्याने ठरवलं. तो पोचला तेव्हा आईची खोली झाडून झाली होती. दारातच धाकटा म्हणाला, "या. आपण कामाची माणसं. आपल्याला सवड कुठून मिळणार?"

त्याआधी जन्मात कधी धाकटा त्याच्याशी 'तू'शिवाय बोलला नव्हता. चिडला तर 'दाद्या' म्हणायचा. त्या 'आपण'ने दोघांमध्ये जे दार लागलं, ते लागलंच.

सहा महिन्यांनी हे पत्र आलं. दोनच ओळी. 'ती ज्वालामुखीची बेटं आपण एकदा पाहून यावीत, असं फार मनात आहे. जहाज निवडून कळवावं.'

त्याने 'आपण'खाली रेघ मारली. पुन्हा तेच. आपण जा, फिरा, आपल्याला आता सवड आहे. समासात प्रश्नचिन्ह काढून त्याने पत्र शब्दकोशात ठेवून दिलं. दुसरा अर्थ त्याला दिसला नव्हता असं नाही. पण तो खरा धरायचा आणि चुकीचा निघायचा, एवढं धाडस त्याच्यात नव्हतं.

गेल्या रविवारी भावजयीचा फोन आला. धाकटा दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळला होता, आता त्याचं आठवणंही सुटत चाललं होतं.

"रोज सकाळी एकच विचारतात, भाऊजी. दादाचं पत्र आलं का, त्याने जहाज निवडलं का, आपण कधी निघायचं."

मग त्याने विचारलं, "आपण म्हणजे?"

"आपण म्हणजे काय? आपण म्हणजे तुम्ही दोघं."

रिसीव्हर धरलेल्या हाताचं कोपर त्याने गुडघ्यावर टेकवलं. पलीकडून भावजय बोलतच होती.

"लहानपणी नकाशाच्या पुस्तकात ती बेटं होती म्हणे. तुम्ही शाईचे डाग समजून खोडरबराने पुसायला गेलात आणि पानाला भोक पडलं. ते सांगताना अजून हसतात. बाकी मला ओळखत नाहीत कधीकधी."

"मी बोलू का त्याच्याशी?"

"आवाज नाही ओळखत आता. कोण बोलतंय म्हणून घाबरतात. पण अक्षर ओळखतात. लवकर लिहा, भाऊजी. विचारायचेही थांबतील एक दिवस." मग ती हळूच म्हणाली, "त्यांना वाटतं, पत्र मागच्याच आठवड्यात टाकलंय."

"आजोबा," काउंटरमागच्या बाई म्हणाल्या, "लहान जहाज घेणार असाल तर एक सांगते. दोघांनाही शिडी उतरता यायला हवी. आधाराशिवाय. येते ना?"

त्याने भिंग मिटून खिशात ठेवलं.

"लहानच," तो म्हणाला. "त्याला काळ्या वाळूवर उतरायचं असणार."

"मग नावं लिहून घेऊ?"

"नाही. फक्त निवडायचं होतं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पत्राकडे पाहिलं. या वेळी त्यांनी ते वाचलं. मग लहान जहाजाचं माहितीपत्रक पाकिटात घालून दिलं आणि स्वतःचं पेन पुढे केलं.

खिडकीजवळच्या बाकावर बसून त्याने लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर 'फार उशीर झाला, मला क्षमा कर' इथपर्यंत आला आणि थांबला. नऊ वर्षं ज्या माफीची वाक्यं तो मनात जुळवत होता, ती ज्याला सांगायची त्याच्या लेखी उशीर झालाच नव्हता. माफी मागायची तर आधी त्याला सांगावं लागलं असतं, की नऊ वर्षं गेली. त्याने कागदाचे चार तुकडे करून खिशात ठेवले.

दुसऱ्या कागदावर त्याने लिहिलं, 'तुझं पत्र मिळालं. जहाज निवडलं, लहानच. खिडकीची जागा तुझी. ते डाग नव्हते, बेटंच होती. आपण जाऊ. तुझा, दाद्या.'

वरचा उजवा कोपरा कोरा होता. बिनतारखेचं पान त्याने आयुष्यात हातातून सोडलं नव्हतं. पेन त्या कोपऱ्यापाशी थोडा वेळ थबकलं. मग त्याने टोपण लावलं, पेन बाईंना परत दिलं, आणि समोरच्या टपालपेटीपाशी जाऊन, पुन्हा एकदाही न तपासता, पत्र आत सोडलं.