चर्चकडची गोलरेषा

आम्ही हंगामातला पहिला सामना हरलो त्या दिवशी मैदान लांबलं. खेळ संपल्यावर मी रेषांची पांढरी फक्की मारायचं लोखंडी गाडं ढकलत चर्चकडच्या गोलकडे निघालो आणि चालतच राहिलो. गोलचे खांब, खांबांमागची दगडी भिंत, भिंतीमागचं चर्च, सगळं एकमेकांना धरून मागं सरकलं होतं. मधल्या जागेत नवं गवत आलं होतं. गवतात खोट काढायला जागा नव्हती, मुळं घट्ट होती.

परत येऊन मी क्लेगला सांगितलं. क्लेग म्हणजे क्रॅगली टाऊन क्लबचं मैदान राखणारा म्हातारा. मी त्याच्या हाताखाली होतो.

"मिस्टर क्लेग, मैदान लांबलंय."

त्यानं दातांतला पाइप न काढता तिकडं बघितलं. "हरलो ना," तो म्हणाला. "मधली रेष पुढं घे मग."

माझं नाव खंडेराव इंगवले. क्रॅगलीत हे नाव कुणालाच झेपलं नाही, म्हणून मी कँडी. मी मूळचा कोल्हापूरचा, आणि आमच्या पेठेत फुटबॉलवरून वाढलेली ताटं तशीच राहतात, त्यामुळे हे गाव मला परकं वाटायचं काही कारण नव्हतं. युद्धात इटलीत कैदी झालो. सुटल्यावर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघायला आम्हाला इंग्लंडात ठेवलं. तिथं छावणीत एडिथ नावाची बाई चहा वाटायची. बोट आली आणि गेली. मी चहाच्या रांगेतच राहिलो.

एडिथ क्रॅगलीची. लग्नानंतर आम्ही तिच्या गावी आलो आणि तिनं मैदानावरची चहाची टपरी सांभाळायला घेतली. मध्यंतरात गोलकीपर वॉल्टर बाजू बदलताना टपरीशी थांबायचा आणि ती त्याच्या हातात मग द्यायची. "गार व्हायच्या आत पी, नाहीतर परत देणार नाही," असं दरवेळी म्हणायची आणि दरवेळी परत द्यायची. हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या वसंतात ती फुप्फुसाच्या आजारानं गेली.

आमच्याकडं राख पंचगंगेत सोडतात. क्रॅगलीत ती फक्कीत मिसळतात. गावातलं माणूस गेलं की घरचे राखेचा डबा घेऊन क्लेगकडं येतात, क्लेग ती गाड्यातल्या पांढऱ्या फक्कीत ओततो, आणि त्याच फक्कीनं चर्चकडची गोलरेषा मारतात, दोन खांबांच्या मधली तेवढीच. एडिथची रेष मी स्वतः मारली. सरळ आली. क्लेग टोपी काढून उभा होता. "चांगली आली," तो म्हणाला. त्यानंतर पावसानं रेष पुसट झाली की मी तिच्यावरूनच पुन्हा मारायचो. नदीला दिली असती तर केव्हाच समुद्राला मिळाली असती. इथं ती दर शनिवारी हजर होती. मला ते बरं वाटायचं.

म्हणून मैदान लांबलं तेव्हा मला पहिल्यांदा तीच आठवली.

दुसरा सामना हरलो, तिसराही. प्रत्येक पराभवाला चर्च थोडं मागं गेलं. पाहुण्या संघांना मात्र मैदान नेहमीएवढंच भरायचं. रेफ्री टेप लावून मोजायचा आणि मान डोलवायचा. त्यांचे खेळाडू दोन-चार पासांत चर्चकडच्या गोलाशी पोचायचे. आमचे पळून पळून तोंडाला फेस आला तरी मधली रेषच ओलांडत असायचे. मला एक वेडी आशा होती. मी तर बाहेरचा, तेव्हा मला ते जवळच असेल. पण मला ते आमच्या पोरांइतकंच लांब होतं. मी या गावचा झालो हे मला असं कळलं.

गावानं फारशी तक्रार केली नाही. लाइन्समनला सायकल दिली. चर्चची घंटा उशिरा ऐकू यायला लागली, तसे लोक जेवणंही उशिरा करायला लागले. रस्त्यानं गेलं तरी चर्च तेवढंच लांब होतं. एका लग्नाला गेलेली मंडळी बारसं उरकूनच परत आली. मी गोलरेषेसाठी सकाळीच डबा बांधून निघायचो. नंतर आदल्या दिवशी निघायला लागलो. पोचलो की गाडं बाजूला ठेवून रेषेशेजारी बसायचो आणि गावातल्या बातम्या तिला सांगायचो. बातम्या कसल्या, हरल्याच्याच.

नाताळानंतर एक सामना जिंकलो. चर्च थोडं अलीकडं आलं, घंटा स्वच्छ ऐकू आली. त्या शनिवारी मी हसलो असं क्लेगनं मला नंतर सांगितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा हरलो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा त्यात पाऊसही लागला, आणि मी पोचायच्या आत रेष वाहून जाईल या भीतीनं मी रस्ताभर पळत गेलो. गेली नव्हती. अर्धीअधिक होती.

मग मी कप्तानाला गाठलं. नॉर्मन टॅटर्सल, मोठ्या हाडापेराचा माणूस, आठवडाभर गिरणीत काम करायचा. क्रॅगलीचा रिवाज असा की नाणेफेक जिंकली तर दुसऱ्या अर्ध्यात चर्चच्या दिशेनं खेळायचं. पाहुण्यांनाही हे ठाऊक होतं, त्यामुळे नाणं कसंही पडलं तरी ते तसंच घडू द्यायचे.

"नॉर्मन, उलटं करा," मी म्हणालो. "पहिल्या अर्ध्यात दम असतो. तेव्हा चर्चकडं खेळा. दुसऱ्यात इकडच्या जवळच्या गोलकडं. जिंकाल."

"जिंकू," तो म्हणाला.

"मग?"

"कँडी, माझा बाप तिथं आहे. आजोबा आहे. थोरला भाऊ आहे." तो बुटाची नाडी बांधत होता. "शेवटचा पाऊण तास आपण आपल्या माणसांकडं तोंड करून खेळतो. पाठ करून नाही."

"हराल तर ती माणसं आणखी लांब जातील."

"ते कळतं मला."

"मग?"

"तुझी एडिथ आहे तिथं. तू सांग, तिच्याकडं पाठ कर म्हणून."

मी गाडं पुसत बसलो.

खरी ओढाताण वॉल्टरची होती. पहिल्या अर्ध्यात तो चर्चकडचा गोल राखायचा आणि मध्यंतरात त्याला एवढं सगळं अंतर तुडवून आमच्याकडच्या गोलात यायला लागायचं. म्हणून तो शिट्टीच्या आधीच निघायचा. मागं गोल मोकळा पडायचा आणि पाहुणे त्यात आरामात चेंडू ढकलायचे. कुणी त्याला बोल लावला नाही. टपरी बंद झाल्यापासून त्याला चहाही मिळत नव्हता.

शेवटचा सामना एप्रिलमध्ये होता. जिंकलो तर वरच्या विभागात राहणार होतो, हरलो तर खाली. जिंकलो तर चर्च अलीकडं येणार होतं. सगळं गाव आलं होतं. चर्च दिसत नव्हतं. जिथं असायला हवं तिथं नुसतं धुकं होतं, आणि वॉल्टर त्याच्या टोपीसह त्यात गेला.

पहिल्या अर्ध्यात गोल झाला नाही. या वेळी वॉल्टर शिट्टी होईपर्यंत जागेवरून हलला नसावा. मध्यंतर झालं. पाहुण्यांचा गोलकीपर आमच्याकडच्या गोलातून निघून तिकडं गेला. आम्ही वॉल्टरची वाट बघितली. रेफ्रीनंही बघितली, मग त्यानं घड्याळ बघून शिट्टी मारली. आमचे दहाही जण चर्चच्या दिशेनं तोंड करून उभे राहिले. त्यांच्या पाठीमागं गोल रिकामा होता.

मी त्या गोलामागं गाडं धरून उभा होतो. पाहुण्यांपैकी कुणीतरी लांबून चेंडू मारला, फार जोरात नाही. तो गवतावरून हळूहळू घरंगळत आला. मला तो अडवता आला असता, पण खेळात नसलेल्या माणसानं चेंडूला शिवायचं नसतं. मी सकाळी मारलेली रेष त्यानं ओलांडली. चेंडूला थोडी फक्की लागली. नॉर्मननं मागं वळून बघितलं नाही.

खेळ संपला तेव्हा पाहुण्यांचा गोलकीपर धुक्यातून आला, सहज चालत. मी त्याला वॉल्टरबद्दल विचारलं.

"मी पोचलो तेव्हा तो तिथंच होता," तो म्हणाला. "परत जात नाहीस का, विचारलं. म्हणाला, निघालोच. बाई चहा देतायत, तेवढा घेतो."

"कुठली बाई?"

"मी नीट बघितलं नाही. गोलरेषेवर उभ्या होत्या. गार व्हायच्या आत पी, म्हणत होत्या."

मी खाली बसलो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, हातमोज्यासकट, आणि मग तो त्यांच्या बसकडं गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लेग मला मैदानावर घेऊन गेला. कमिटीनं ठरवलं होतं. खालच्या विभागात एवढं मैदान पेलवायचं नाही, जेवढं सांभाळता येईल तेवढंच ठेवायचं. त्यानं बुटाच्या टाचेनं गवतात खूण केली. मैदान पूर्वी जिथं संपायचं तीच ती जागा होती.

"गोलरेषा इथं मार," तो म्हणाला. "खांब सोमवारी येतील."

"आणि पलीकडचं?"

"पलीकडचं आपलं नाही आता."

"तुमची मिसेस तिथं आहे, मिस्टर क्लेग."

"आहे." त्यानं पाइप काढला, बघितला, परत दातांत धरला. "पहिल्यापासून तिथं आहे. मार लाइन, कँडी. मला नाही मारवणार."

मी गाडं खुणेवर आणलं. फक्की भरलेली होती, साधी पांढरी, कुणीच न मिसळलेली. रेष आडवी मारायची तर डावीकडं वळायचं होतं. मी वळलो नाही. मी गाडं खुणेवरून सरळ पुढं ढकललं, चर्चच्या दिशेनं.

"कँडी, आडवी!" क्लेग ओरडला.

"आधी बाजूची मारतो," मी म्हणालो.

गवत चांगलं होतं, चाक अडलं नाही. मागं वळून बघितलं तेव्हा क्लेग लहान दिसत होता, आणि त्याच्यापासून माझ्यापर्यंत रेष अगदी सरळ आली होती. त्यानं परत हाक मारली. आवाज घंटेसारखा उशिरा आला.

"फक्की संपली असेल रे तुझी!"

मी झाकण उघडून बघितलं. केव्हाच संपली होती, पत्रा कोरडा होता. रेष मात्र पडत होती, एकसारखी, जाड. मी खाली बघितलं. बूट नव्हते, आणि बूट असायला हवे होते तिथून वर, पॅन्टच्या आत, मी फक्की होऊन भुरभुर उतरत होतो. दुखत नव्हतं. चालताही येत होतं.

धुकं जरा हललं. खूप पुढं, खांबांच्या मधोमध, वाफ दिसली, मगातून निघते तेवढीच. ती थांबली असेल, परत गरम करून देत असेल. मी हातांकडं बघितलं. मनगटं अजून होती. मी अंतर बघितलं, मग स्वतःकडं बघितलं, आणि रेष जरा बारीक धरली.