लाल बटणावरचा अंगठा

मी एक यंत्र बोलतोय. खोकी बंद करून त्यांवर चिकटपट्टी मारणारं. पण गंमत बघा, गेल्या कित्येक वर्षांत मी बंद केलेलं एकही खोकं गिऱ्हाइकाच्या दारी गेलेलं नाही. मी सरावाचा! कारखान्यात थकलो तेव्हा भंगारवाला दारात उभा होता. शिकवणाऱ्या ताईंनी मला सोडवलं, माझा वेग गोगलगायीचा केला आणि प्रशिक्षणाच्या खोलीत आणून बसवलं.

ताईंची रीत पाहून मी पहिल्याच दिवशी थक्क झालो. एकदा नीट दाखवून झालं, की त्या आपले दोन्ही हात पाठीमागे अडकवतात. समोरचा चुकतो, पट्टीत बोटं गुंडाळून घेतो, रडकुंडीला येतो. ताईंची बोटं मागे वळवळतात, पण पुढे येत नाहीत. हुशारी दाखवणारे पुष्कळ पाहिले हो. आवरून धरणारी ही एकच.

एकदा हमालीवरचे काका आले. सव्वीस वर्षं त्यांनी खोकी वाहिली होती. ते काम आता सरकत्या पट्ट्याकडे गेलं होतं. शनिवारच्या परीक्षेत मला चालवता आलं तर नोकरी, नाहीतर घर. काका सगळं शिकले, एक सोडून. खोकं तिरकं आलं की लाल बटण दाबून मला थांबवायचं. काकांचा अंगठा बटणापर्यंत यायचा आणि तिथंच थिजायचा. मी आपला खोकी चुरगाळत राहायचो.

"काका, बटण चावतं का?" शुक्रवारी ताईंनी विचारलं.

"ताई, इतक्या वर्षांत ज्यानं ज्यानं काम थांबवलं, त्यानं साहेबांची बोलणी खाल्ली. अंगठाच धजत नाही बघा."

शनिवारी ताईंनी साहेबांनाच माझ्यासमोर उभं केलं. "आज तुम्ही शिकाऊ. काका शिकवतील."

"एवढंसं तर यंत्र!" साहेब हसले आणि तिसरंच खोकं तिरकं घातलं. वर ते सरळ करायला हात आत घातला. बाही माझ्या फिरत्या रुळाकडे निघाली. ताईंचे हात मागेच. त्यांचा पाय मात्र मला बंद करणाऱ्या खालच्या स्विचवर होता, हे फक्त मला ठाऊक.

"थांबा साहेब!"

काकांच्या अंगठ्यानं खाड्कन बटण दाबलं. मी जागच्या जागी गप्प. काकांचा चेहरा पांढराफटक.

साहेबांनी बाही पाहिली, मग काकांकडे पाहिलं. "आता ओरडू कुणावर, काका? माझ्यावरच?" आणि परीक्षेच्या कागदावर सही ठोकली.

आज माझा रंग उडालाय, पट्टा कुरकुरतो. लाल बटण अंगठ्यांनी घासून गुलाबी झालंय. मला भंगारात घालायचं तेव्हा खुशाल घाला, पण हे बटण काढून जपून ठेवा. पुष्कळांची भीती त्यावर झिजलीय.

आता शिकवायला काका असतात. काल एक नवखी बाई आली. खोकं तिरकं झालं, तिचा अंगठा अडखळला. काकांचे हात झपकन पुढे आले... आणि तसेच मागे जाऊन एकमेकांत घट्ट अडकले.

मी खाली पाहिलं. त्यांचा पाय स्विचवर होता.