नावांवरचा फ्लेक्स

फ्लेक्स छापल्याशिवाय मकरंदला सकाळचा चहासुद्धा पचत नसावा, असं मृणालिनीचं ठाम मत होतं. परदेशातल्या टौरंगा गावच्या मराठी मंडळाचा तो अध्यक्ष. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैनिकांची स्मृतिबाग उभारली गावाने, मंडळाने खुरपला एक वाफा, आणि आज ॲन्झॅक डेला, त्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, हे आयत्या बिळावरचे नागोबा सत्कार समारंभ घेऊन हजर! फ्लेक्सवर ‘वीरांना कोटी कोटी प्रणाम’, आणि खाली वीर सोडून सगळे. अख्ख्या कार्यकारिणीचे फोटो, तीन ओळींत. तो बांधला होता नेमका सैनिकांच्या नावांच्या भिंतीवर.

मृणालिनी वृद्धाश्रमात नर्स होती. तिथल्या एक्क्याण्णव वर्षांच्या जोनबाईंना ती व्हीलचेअरवरून घेऊन आली होती. बाईंचे वडील त्या किनाऱ्यावर उतरले आणि एक पाय तिथेच ठेवून परतले. भिंतीवरच्या त्यांच्या नावापाशी स्मरणाची खूण म्हणून रोजमेरीची डहाळी ठेवायची, एवढीच बाईंची इच्छा. हृदय थकलेलं. डॉक्टरांनी तासभर बाहेर राहायला परवानगी दिली होती, पुढच्या वर्षाचा भरवसा काही दिला नव्हता.

पाऊण तास शाल-श्रीफळांतच गेला.

“मकरंद, यांच्या वडिलांचं नाव फ्लेक्सखाली आहे. काढ ना तो जरा,” मृणालिनी म्हणाली.

“अगं, अजून दोन सत्कार राहिलेत, मग ग्रुप फोटो. त्यानंतर काढू ना, हीप्स ऑफ टाइम आहे!”

भरपूर वेळ म्हणे! तिला त्या माणसाची किळस आली. इकडे जोनबाईंची मान कलायला लागली होती. मृणालिनीने पर्समधली कात्री काढली, तरातरा भिंतीपाशी गेली आणि चारही दोऱ्या कापल्या. फ्लेक्स गवतावर येऊन पडला. मकरंदचं भाषण तोंडातच राहिलं.

जोनबाईंनी बोटाने वडिलांचं नाव चाचपलं आणि डहाळी ठेवली. मग त्यांचं लक्ष गवतावरच्या फोटोंकडे गेलं.

“बिचारे! केवढे तरुण,” त्या हळहळल्या. “हे तुमचे कुठल्या लढाईत गेले?”

“कोणी गेलं नाही, जोन. सगळे इथेच आहेत.”

बाई गोंधळल्या.

“मग यांनी काय केलंय?”

मृणालिनी फ्लेक्स गुंडाळायला वाकली. तिसऱ्या ओळीत, डावीकडून दुसरी, गोड हसणारी बाई तीच होती. फोटो तिनेच पाठवला होता, चारांतला बरा निवडून.