दार लाव, बॅटरीमावशी

"ए बॅटरीमावशी, दार लाव की! पडद्यावर उजेड येतोय!"

ही तिसरी हाक. बॅटरीमावशीने ती ऐकली आणि कानाआड केली. मागचं दार चार बोटं उघडं होतं. पुठ्ठ्याची घडी करून त्याच्याखाली तिनेच पाचर मारली होती, आणि ब्रह्मदेव खाली उतरला असता तरी ती पाचर आज निघणार नव्हती.

दाराला लागून असलेल्या शेवटच्या खुर्चीत तिची धाकटी बहीण बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, आणि नजर पडद्याऐवजी त्या चार बोटांच्या फटीवर. दार उघडं राहणार असेल तर बसेन, नाहीतर नाही, असं तिने घरूनच सांगितलं होतं. तीन वर्षांत ती पहिल्यांदा चारचौघांत आली होती. तेही दुपारी तीनच्या खेळाला, म्हणजे बाहेर लख्ख ऊन असेल.

मावशी या थेटरात तेरा वर्षं दारावर होती. तिकीट फाडायचं, बॅटरीच्या उजेडात माणसाला खुर्चीपर्यंत न्यायचं, खेळ सुरू झाला की दार लावून घ्यायचं. बॅटरी पायाशी मारायची, तोंडावर कधीच नाही. अंधारात कोण कोणाशेजारी बसलंय, कोण रडतंय, कोण पेंगतंय, ते बघायचं आपलं काम नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेरा वर्षांत तिने हा नियम एकदाही मोडला नव्हता.

पिक्चर झपाटलेल्या बंगल्याचा होता. बंगल्याचा मालक बायकोला वरच्या खोलीत कोंडतो, ती तिथेच तहानेने मरते आणि भूत होऊन आतून दार वाजवत राहते. एवढीच गोष्ट. पहिल्या दिवशी पब्लिक घाबरलं होतं. दुसऱ्या आठवड्यात घाबरणारे संपले आणि मजा बघणारे यायला लागले. कुठे हसायचं, कुठे टाळी द्यायची, सगळं त्यांचं पाठ. भूत आलं की हसायचं आणि मालक आला की शिट्ट्या. मावशीला राहून राहून वाटायचं, अरे, मेली कोण आणि मारली कोणी, एवढंसुद्धा कळेना का या लोकांना? पण कळत होतं. न कळायला ती काही कुकुली बाळं नव्हती. कळत होतं म्हणूनच तिचं डोकं फिरायचं.

आता पडद्यावर तोच प्रसंग आला. मालकाने बायकोला खोलीत ढकललं, दार ओढलं, बाहेरून कडी घातली. रुमालाने बोटं पुसली, समोर बघून हसला. तो बोलायच्या आधीच अख्खं थेटर एका सुरात ओरडलं,

"कडी बाहेरून असली, की घर कसं शांत राहतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतला एक जण तर उभा राहून नमस्कार करत होता, जसं काही ते वाक्य यानेच लिहिलं होतं.

मावशीने बहिणीकडे बघितलं. बहीण हलली नव्हती. फक्त पिशवीचे बंद बोटांना गुंडाळून गुंडाळून तिची बोटं पांढरी पडली होती.

तीन वर्षांपूर्वी मावशी न सांगता तिच्या घरी गेली होती, ते बरंच झालं म्हणायचं. मेहुणा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. आतल्या खोलीला बाहेरून कडी. "झोपलीय," म्हणाला. झोपलेल्या माणसाला कोणी कडी घालतं का? मावशीने त्याला बाजूला सारून कडी काढली. तो उठलासुद्धा नाही. "आमचं घरातलं आहे, तुम्ही मध्ये पडू नका," एवढं म्हणून त्याने पेपराचं पान उलटलं. आणि लोक काय म्हणाले? माणूस तर सज्जन दिसतो! शेजारीपाजारी तर चक्क म्हणाले, आम्हाला कधी काही ऐकूच आलं नाही.

त्यावर बहीण एकदाच बोलली होती. "ताई, मी दार वाजवलं, की शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवायचे."

तेव्हापासून ती मावशीकडे होती. मावशीने घरातल्या सगळ्या कड्या स्क्रू काढून उतरवल्या. न्हाणीघराचीसुद्धा. आत माणूस असलं की दाराला टॉवेल अडकवायचा, अशी त्यांची रीत होऊन बसली.

मग हा पिक्चर लागला आणि मावशीने रागाच्या भरात घरी त्याची गोष्ट सांगितली. सांगायला नको होती, असं तिला नंतर शंभरदा वाटलं. बहिणीने एकच विचारलं, "मग ती शेवटी बाहेर येते का?"

मावशीला ते ठाऊक नव्हतं. दारावरच्या माणसाला शेवट कधी दिसतच नाही. खेळ संपायला दहा मिनिटं उरली, की तिला बाहेरची जाळीची दारं उघडायला जावं लागायचं. तेरा वर्षांत हजारो खेळ झाले असतील, एकाचाही शेवट तिने बघितलेला नव्हता. तरी बहीण रोज संध्याकाळी विचारायची, "आज तरी बघितलास का गं शेवट?" शेवटी काल म्हणाली, "मीच येते."

मध्यंतर झालं. दिवे लागले तसा मॅनेजर तरातरा आला. वयाने मावशीपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण साहेब तो साहेब.

"मावशी, दार उघडं का ठेवलंय? चार तक्रारी आल्या मला."

"माझी बहीण बसलीय साहेब. तिला बंद दार चालत नाही. मागे सांगितलं होतं तुम्हाला तिचं."

"मग त्यांना हा पिक्चर कशाला दाखवताय? दुसरा नाही मिळाला?" तो बहिणीकडे बघून हसला. वाईट नव्हता तसा. पण जाता जाता जीभ सैल सुटलीच. "दार बाहेरून नाही लावत आपण, आतून लावतो. काय? कडी बाहेरून असली की..."

बाजूला उभा असलेला पॉपकॉर्नवाला फिदीफिदी हसला. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, पुरं करू नका ते वाक्य. सांगून ठेवते."

"अहो, गंमत केली!"

"कोणाची?"

मॅनेजरने हात झटकले. "दिवे गेले की दार लावा. नाहीतर उद्यापासून बॅटरी दुसऱ्याच्या हातात देईन. मग म्हणू नका."

मावशी बहिणीपाशी गेली. "चल, घरी जाऊ. मरू दे तो पिक्चर."

"नाही." बहिणीचा आवाज इतका लहान होता की मावशीला वाकावं लागलं. "बसते मी. शेवट बघायचाय."

दिवे गेले. मावशीने पाचर काढली नाही. उलट ती स्वतःच जाऊन फटीत उभी राहिली, पाठ दाराला, एक पाय आत, एक बाहेर. लागलंच दार तर आधी तिच्या अंगावरून लागलं असतं.

पडद्यावर बंगल्यात नवं बिऱ्हाड आलं होतं. रात्र झाली. जिन्यावर कोणी नाही. वरच्या खोलीतून आवाज आला.

टक. टक. टक.

"कोण आहेऽऽ?" थेटर ओरडलं आणि खदाखदा हसलं. हा त्यांचा सगळ्यात लाडका खेळ. पुन्हा टक टक टक. पुन्हा, "कोण आहेऽऽ?" कोणीतरी भसाड्या आवाजात "पाहुणे आलेत, चहा टाका!" म्हणालं. पोट धरधरून हसत होते. आत एक बाई पाणी मागत मेली होती आणि हे विचारत होते, कोण आहे.

टक. टक. टक.

"कोण आहेऽऽ?"

"मी."

आवाज मागून आला. बहीण उभी होती. एका हाताने पुढची खुर्ची धरून, पिशवी छातीशी घेऊन.

"मी आहे," ती म्हणाली. जरा मोठ्याने.

आणि हास्याचा असा स्फोट झाला, की पडद्यावरचं काही ऐकू येईना. "भूत मागे बसलंय रे!" "बाई, तिकीट काढलंय का?" "मावशी, दार लाव, भूत पळून जाईल!"

मावशीने बॅटरी लावली. आणि तेरा वर्षं पायाशी मारलेला उजेड तिने वर उचलला. शेवटून दुसऱ्या रांगेतल्या माणसाच्या तोंडावर मारला. तो तोंड उघडं टाकून हसत होता. उजेड पडताच त्याचं तोंड मिटलं.

"हस ना," मावशी म्हणाली. "आता हस. दिसू दे तोंड."

तिने बॅटरी पुढच्या तोंडावर नेली. मग त्याच्या पुढच्या. कोणी हात आडवा धरला, कोणी मान फिरवली. एक चांगली चारचौघांत उठबस असलेली बाई पदराआड तोंड लपवायला लागली.

"कोण आहे विचारलंत ना? पंधरा दिवस विचारताय. ती सांगतेय कोण आहे. ऐकून घ्या की मग! आता का मुस्कटं झाकताय? एक बाई आत दार वाजवते आणि तुम्ही टाळ्या पिटता. तुमच्याच शेजारी राहत होती ही! तुम्हीच टीव्हीचा आवाज वाढवलात!"

"आम्ही कुठे..." एक जण पुटपुटला. मावशीने बॅटरी त्याच्याकडे वळवली तसा तो खुर्चीत खाली सरकला.

मॅनेजर धावत आला. "मावशी! वेड लागलंय का? द्या ती बॅटरी इकडे!"

मावशीने बॅटरी विझवली आणि त्याच्या हातात ठेवली. "घ्या. पण दार लागणार नाही. मी इथे उभी आहे तोवर नाही."

"दुसऱ्या कोणालातरी जाळीवर पाठवतो मी," एवढंच तो म्हणाला आणि गेला. उद्या येऊ नका, हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

म्हणून मग मावशीने तेरा वर्षांत पहिल्यांदा पिक्चरचा शेवट बघितला. बहीण पुन्हा खुर्चीत बसली होती, पण आता तिची नजर पडद्यावर होती. दार वाजलं, तेव्हा कोणी काही विचारलं नाही. दोघंतिघं खोकले. मालक जिन्यावरून पडून मेला. नव्या बिऱ्हाडाने बंगल्याला रंग दिला. आणि वरच्या खोलीला एक मोठं नवं कुलूप घातलं. कुलपावर पिक्चरचं नाव झळकलं, आतून टक टक टक झालं, आणि दिवे लागले.

पब्लिक उठलं. दाराशी येताना बरेच जण खाली बघत होते. सगळेच नाही. पुढच्या रांगेतला तो, नमस्कार करणारा, मित्राच्या कानाशी काहीतरी बोलला आणि दोघं खुसखुसत गेले.

थेटर रिकामं झालं तेव्हा बहीण उठली.

"आतच ठेवली गं तिला," ती म्हणाली.

"हो," मावशी म्हणाली. मेल्यांनी कुलूप घातलं, रंग दिला आणि मोकळे झाले.

"मी नाही राहिले आत."

"नाही राहिलीस."

गर्दीच्या पायांनी पाचर सरकली होती आणि दार आपोआप मिटत चाललं होतं. बहिणीने पिशवी मावशीकडे दिली, दार पूर्ण भिंतीपर्यंत ढकललं, वाकून पुठ्ठ्याची घडी त्याच्याखाली सारली आणि चपलेच्या टाचेने दोनदा ठोकून घट्ट बसवली. हलवून बघितलं. मग ती आधी बाहेर पडली, उन्हात, आणि मावशी तिच्या मागून.