एकच मास्क

दूध उतू गेलं, करपलं, भांड्याचा तळ काळाठिक्कर पडला, तरी तिला पत्ता नाही. आणि ती तर शेगडीपाशीच उभी होती! आतल्या खोलीतून सासूबाई धावत आल्या.

"अगं, नाक आहे की नुसतं शोभेला लावलंय?"

"वासच येत नाही हो, आई. दोन महिने झाले," ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिला खोकल्याची अशी उबळ आली की भिंतीला धरून खालीच बसली.

तिचा नवरा सुतारकाम करायचा. ना मालक, ना नोकरी, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा कारखाना. गल्ली त्याला मिस्त्री म्हणायची, म्हणून ती मिस्त्रीणबाई. तो कापायचा, जोडायचा; घासकाम मात्र तिचं. कपाटाचं दार असो की पाळण्याचा कठडा, ती पॉलिश पेपर घेऊन बसली की लाकडावरून हात लोण्यासारखा फिरायचा. गेली अठरा वर्षं, घरातलं उरकून रोज पाच-सहा तास. संध्याकाळी भुवया, पापण्या, केस सगळं भुरं झालेलं असायचं. "आत्ताच म्हातारी झाले बघा," असं म्हणून तीच हसायची.

त्या दिवशी मिस्त्री एका घरी कपाट बसवायला गेला होता. सासूबाईंनी त्याची वाट पाहिली नाही. सुनेला घेऊन थेट छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. दवाखाना पहिल्या मजल्यावर. तेवढा जिना चढताना ती तीनदा थांबली.

"काय काम करता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही. घरीच असते."

"घरीच असते म्हणे!" सासूबाई उसळल्या. "दिवसभर लाकूड घासते, डॉक्टर. लिहा तसं."

डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून पेन खाली ठेवलं. मग तिला एका नळीत जोरात फुंकायला लावलं, नाक पाहिलं, छातीचा फोटो काढला. "लाकडाच्या बारीक धुळीने आलेला दमा आहे," त्या म्हणाल्या. "औषधाने आराम पडेल. पण धुळीत बसलात तर औषधाचा उपयोग नाही. लवकर आला असतात, तर दुखणं इथवर आलंच नसतं." आणि त्यांनी सूचनांचा एक हिरवा कागद तिच्या हातात दिला.

कागद पाहून ती चपापली. तसाच कागद तिने आधी पाहिला होता! मिस्त्रीच्या स्क्रूच्या डब्यात, तळाशी, घडी घालून ठेवलेला. मशीनची गॅरंटी असेल, असं तिला वाटलं होतं.

घरी येताच तिने डबा उपडा केला. अगदी तसाच कागद. तारीख दोन वर्षांपूर्वीची, वर मिस्त्रीचं नाव, आणि खाली पेनाने लिहिलेल्या दोन ओळी : 'चांगला मास्क वापरा. घरातलं जे कुणी धुळीत काम करतं, त्यांनाही तपासायला आणा.'

दोन वर्षांपूर्वीच तर त्याने तो जाड मास्क आणला होता! "मला पॉलिशचा वास सोसत नाही गं," असं म्हणाला होता. तो मास्क लावून करवत चालवायचा, आणि चार हातांवर ती उघड्या तोंडाने घासत बसायची. एकाच शेडमध्ये. एकाच हवेत!

मिस्त्री आला तेव्हा कागद समोरच्या फळीवर होता. त्याने पाहिला आणि मान खाली घातली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सांगणार होतो गं..."

"कधी? मी गेल्यावर?"

"तू घासकाम सोडलं असतंस. माल अडकला असता. तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही."

"म्हणजे माझा हात चांगला, म्हणून माझी छाती गेली!" तिचा आवाज फाटला. "अहो, परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुम्हाला काय म्हणू?"

"थोडी धूळ तर असतेच या धंद्यात..." तो पुटपुटला.

आता सासूबाई पुढे झाल्या. "तुझा बाप असाच खोकत गेला. घासकाम त्याचं आणि माझं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. पण तुला डॉक्टरांनी लिहून दिलं होतं! अरे, आपल्यासारख्यांच्या शेडमध्ये तपासणीला कोण साहेब येतो? कुणीच नाही. एकमेकांना सांगायचं, तेवढंच आपल्या हातात. तू स्वतःचं नाक झाकलंस आणि तोंडही बंद ठेवलंस!"

मिस्त्री मोठा गडी, पण ओंजळीत तोंड घालून रडला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

तिने घासकाम त्याच दिवशी सोडलं. मिस्त्रीने धूळ ओढणारं यंत्र बसवलं, शेडची एक बाजू उघडी केली, कोरडा झाडू फेकून ओल्या फडक्याने पुसू लागला. तीन कामं त्याने हातची सोडली. ती सगळं पाहत होती. औषधाने रात्रीची झोप लागू लागली, पण बोलणं कामापुरतंच उरलं होतं.

महिन्याभराने तो म्हणाला, "वखारीवर चल. तुझ्यासमोर बोलायचंय."

लाकडाच्या वखारीवर दहा-बारा सुतार फळ्या निवडत होते. मिस्त्रीने हिरवा कागद वाचून दाखवला. एक जण हसला, "भुसा खाऊन कुणी मेलंय का?"

"माझ्या बायकोला जिना चढवत नाही," मिस्त्री म्हणाला. "मला दोन वर्षं ठाऊक होतं. मी लपवलं. मी तिला फसवलं."

मागून एकाने चाचरत विचारलं, "माझीही बायको घासते. सारखी शिंकते. कुठे न्यायचं?"

मिस्त्री उत्तर देणार, इतक्यात तीच पुढे झाली. "पहिल्या मजल्यावरचा छातीचा दवाखाना. सकाळी जा, गर्दी नसते. आणि डॉक्टरांनी काम विचारलं, तर घरीच असते असं सांगू देऊ नका तिला!"

परतताना मिस्त्रीने विचारलं, "माफ केलंस?"

"अजून नाही," ती म्हणाली. "पण आज खरं बोललात. असेच बोलत राहा, मग बघू."

वाचकहो, घरात चालणाऱ्या धंद्यात राबणारी बाईही कामगारच असते, तिचं नाव कुठल्या पाटीवर नसलं तरी! कामातला धोका तुम्हाला कळला असेल, तर तुमच्याबरोबर राबणाऱ्याला तो त्याच दिवशी सांगा. धुळीपासून वाचायला यंत्रं मिळतात. आपल्याच माणसाने गप्प राहून केलेला घात मात्र कुठलंही यंत्र ओढून काढू शकत नाही.